एका भरतीपुरती जागा
गळ टाकणाऱ्यांसाठी काही रीतीभाती

दगडावर ठेवलेली पिशवी म्हणजे माणूस मानायचा का? खाडीवर, जेट्टीवर, खडपात गरवायला जाणाऱ्यांची निम्मी भांडणं या एका प्रश्नापाशी येऊन ठेपतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपण माणसं; तीच सवय समुद्रावरही नेतो. पहाटे चारला एक जण येऊन चार मित्रांच्या चार पिशव्या मांडतो. मित्र उगवतात सातला, वाटेत वडापाव-चहा करून. तोवर पाणी भरून फिरलेलं असतं आणि रॉड धरून मागे उभे असलेले तिघे जण दातओठ खात असतात.

रानातली शिकार आपल्याकडे कधीच बंद झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला वेसण घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा विषय कायमचा मिटवला. सामान्य माणसाच्या हातात राहिली ती गळाची शिकार. तिला बंदूक लागत नाही, मचाण लागत नाही. रॉड, रील, तंगूस, शिसं, गरी आणि मूठभर कोळंबी एवढ्यावर भागतं. म्हणूनच शनिवार-रविवारी प्रत्येक जेट्टीवर गर्दी असते, आणि मचाणाच्या जागेवरून व्हावेत तसे तंटे दगडाच्या जागेवरून होतात. हे तंटे कसे टाळावेत आणि टळले नाहीत तर कसे आवरावेत, यासाठी हा लेख.

आधी हे पाहा : पाणी कोणाचं?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम २० या बाबतीत स्पष्ट आहे. समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीरेषेखालचा तळ, तसंच नद्या, नाले, तळी, यांपैकी ज्यावर कोणाचा खाजगी हक्क नाही ते सारं सरकारचं. म्हणजे ज्या दगडावरून तुम्ही हमरीतुमरीवर येता, त्याचा सातबारा तुमच्या नावावर नाही आणि समोरच्याच्याही नाही. ‘मी इथे वीस वर्षं बसतोय’ ही माहिती झाली, मालकी नव्हे.

पण सरकारचं म्हणजे सगळीकडे मोकाट असंही नाही. गळ टाकण्यापूर्वी पुढच्या जागांबद्दल चौकशी करा.

धरणं आणि तलाव : राज्यातल्या पुष्कळ जलाशयांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. संस्थेने त्यात पैसे मोजून कटला, रोहू, मृगळाचं बीज सोडलेलं असतं. तुम्हाला जो छंदाचा मासा वाटतो तो त्यांच्या हिशेबातला मासा असतो. रखवालदार हटकतो तेव्हा तो दादागिरी करत नसतो, नोकरी करत असतो. काठावर बसण्याआधी संस्थेच्या माणसाला गाठा, परवानगी मागा, पावती मिळत असेल तर घ्या.

गोव्यातली मानस : खाजण जमिनींच्या बांधाला पाणी आत-बाहेर करणारं जे दार असतं, त्यापाशी मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. पाणी सुटताना तिथे मासळीची झुंबड असते आणि नवख्या माणसाला मोह होतो. तो आवरा, ती जागा कोणीतरी पैसे भरून घेतलेली असते.

देवाचे मासे : महाडजवळ काळ नदीतला वाळण कोंड किंवा वाड्याजवळ वैतरणेच्या काठचं तिळसे, इथले मोठमोठे मासे गावाने देवाचे म्हणून राखलेले आहेत. तिथे रॉड बाहेर काढणंसुद्धा उद्धटपणाचं. कुरमुरे टाका, पाहा, परत या.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालेलं आहे. त्या भागात वन विभागाला विचारल्याशिवाय काही करू नका. नौदलाच्या आणि मोठ्या बंदरांच्या हद्दीत तर विचारायलाही थांबू नका. आणि जेट्टी कुठलीही असो, ती होड्यांसाठी बांधलेली असते. बोट लागताना, मासळी उतरताना, बर्फ चढताना गरवणाऱ्याने लाईन गोळा करून बाजूला व्हायचं. यात मानापमान नाही.

हक्क किती वेळचा?

समुद्र सगळ्यांचा, म्हणजे भांडणही सगळ्यांचं. पण ज्यांचं पोट समुद्रावर आहे, त्यांनी हा प्रश्न आपल्या फार आधी हाताळला आहे. सिंधुदुर्गात एका पुळणीवर एकाहून अधिक रापणी असल्या तर अनेक ठिकाणी त्यांची पाळी ठरलेली असते. ज्याची पाळी त्याचं जाळं, बाकीचे काठावर. डोल जाळ्याचे खुंट ठोकायच्या जागेला कोळी ‘कव’ म्हणतात. कागद नसूनही कवी पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. आणि ही समजूत जिथे मोडली तिथे काय होतं, तेही दिसलं आहे. वसई-उत्तनकडचे आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यातला कवींचा वाद कित्येक वर्षं मिटता मिटला नाही.

हौशी माणसाला पिढीजात कव नाही की रापणीची पाळी नाही. त्याने आपला हक्क कशाने मोजावा? मी म्हणतो, भरतीने. पहिला आला त्याची जागा, पण एका पाण्यापुरती. ओहोटीच्या तळापासून भरती पूर्ण होईस्तोवर साधारण सव्वासहा तास जातात. पाणी फिरलं आणि मागे कोणी ताटकळत उभं असेल, तर उठून ‘या, बसा’ म्हणायचं. कोणी नसेल तर खुशाल दुसरं पाणीही बसा. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण याच्याइतकं न्याय्य घड्याळ दुसरं नाही. ते कोणाच्या मनगटावर नसतं, म्हणून त्यावर कोणी भांडू शकत नाही.

हे घड्याळ वाचायची आपली जुनी युक्तीही आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर सहाच्या सुमाराला. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर हे अंदाजाला पुरतं. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भरतीच्या कोष्टकात पाहून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी झपाट्याने चढतं, अष्टमीच्या भांगात संथ. उधाणाच्या दिवशी जागेवरून वाद घालत बसलात तर वाद संपायच्या आत जागाच पाण्याखाली जाईल.

पिशवीचा निकाल

आता त्या पिशवीकडे वळतो. पंधराएक वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी मी पहाटे पोचलो. (खाडीचं नाव सांगणार नाही; का, ते पुढे येईल.) तिथे बैलगाडीएवढा एक सपाट कातळ आहे, ओहोटीला उघडा पडणारा. त्यावर पिशवी होती, माणूस नव्हता. मी पाच मिनिटं इकडेतिकडे पाहिलं, पिशवी पायाने जराशी सरकवली आणि गळ टाकला. डावीकडे टाकलेली पहिली गरी कशात तरी अडकून तुटली. दुसरीही तुटली.

अर्ध्या तासाने एक म्हातारबाबा आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात डबा. आमिष काढायला खाजणात उतरले होते. त्यांनी सरकलेली पिशवी पाहिली, मला पाहिलं आणि मागच्या कोरड्या दगडावर बसून बिडी पेटवली. मी ओशाळून म्हटलं, “काका, तुमची जागा आहे का?” ते म्हणाले, “कुठनं आलास?” “मुंबईवरून.” “बस मग. पानी फिरला का उठ.”

बस्स, एवढंच. त्या दिवशी मला शरमेने धड गळही टाकता येईना. पण पिशवीचा कायदा मी तिथेच शिकलो, तो असा :

एक पिशवी, एक माणूस. मित्रांच्या पिशव्या मोजायच्या नाहीत. जो काठावर हजर नाही त्याला जागा नाही.

आमिष काढायला, चहा प्यायला, आडोशाला गेलेल्या माणसाची पिशवी अर्धा तास जागा धरते. त्यानंतर ती नुसती पिशवी.

पिशवीला हात किंवा पाय लावायचा नाही. शेजारच्याला विचारायचं, “यांचं कोण आहे?” कोणी नसेल तर बाजूला उभं राहून टाकायचं आणि मालक आला की न सांगता सरकायचं.

उभं कसं राहायचं

जागा मिळाली म्हणजे सगळं पाणी मिळालं असं नव्हे. तळाला शिसं सोडून बसणाऱ्याला समोरची एक सरळ पट्टी लागते. कृत्रिम आमिष फेकून ओढणाऱ्याला मात्र पंख्यासारखी मोकळी जागा लागते. हे दोघे शेजारी आले की फेकणाऱ्याची लाईन बसलेल्याच्या लाईनीवरून जाणारच. म्हणून फेकणाऱ्यांनी एका टोकाला जावं आणि बसणाऱ्यांनी सलग बसावं. दोघांत निदान दोन रॉडच्या लांबीएवढं अंतर सोडा. खडपात जागा नसेल तर ‘आधी मी, मग तुम्ही’ असं आळीपाळीने फेका.

खाडीत पाण्याला ओढ असते. तरंगतं आमिष टाकणारा भरतीला आतल्या अंगाला आणि ओहोटीला तोंडाच्या अंगाला वाहत जातो. म्हणजे ओढीच्या दिशेला बसलेल्याचं पाणी तो खातो. ज्याचं आमिष वाहतं त्याने ओढीच्या शेवटाला बसावं. शिसं जड असेल त्याने वरच्या अंगाला बसलं तरी चालतं.

फेकण्याआधी मागे पाहा, दर वेळी. शंभर ग्रॅमचं शिसं आणि त्यामागची गरी कोणाच्या कपाळात बसली तर जागेचा वाद क्षुल्लक वाटू लागेल. रात्री डोक्यावरची बॅटरी पाण्यावर मारू नका, मासा बुजतो. शेजाऱ्याच्या डोळ्यांवर तर मुळीच नको. गाणी लावायची असतील तर कानात लावा.

पाग टाकणारा काठाने चालत येत असेल तर त्याच्या पुढे पाण्यात उतरू नका. तो बोय माशांचा थवा न्याहाळत येत असतो. तुमच्या एका पावलाने त्याची सकाळ वाया जाते. लाईन उचला, त्याला पुढे जाऊ द्या, मग पुन्हा टाका.

गुंता झाला तर

लाईनीत लाईन गुंतणं हा अपघात असतो. त्यावर पुढची पाच मिनिटं कोण कसं वागतो यावर त्याचं भांडण होतं की नाही ते ठरतं.

पहिल्यांदा दोघांनी रील फिरवणं थांबवायचं. ओढाल तेवढी गाठ घट्ट होईल. ज्याच्या लाईनीला मासा आहे त्याला ओढू द्यायचं. दुसऱ्याने रीलचा बेल उघडून लाईन सैल सोडायची. गुंता काठावर आला की जो नंतर टाकून आडवा गेला त्याने स्वतःची लाईन कापायची. महागडी वेणीची लाईन असली तरी कापायची. ती नखाने सोडवत बसलात तर तुमचं आणि शेजाऱ्याचं अशी दोन पाणी जातील. समोरच्याची गरी किंवा शिसं गेलं असेल तर आपल्या डब्यातलं काढून द्यायचं. दहा-वीस रुपयांत इतकी शांतता दुसरीकडे मिळत नाही.

मासा कोणाचा? ज्याची गरी तोंडात त्याचा. दोघांच्याही गऱ्या तोंडात निघाल्या तर कापून वाटा.

शेजाऱ्याला मोठा मासा लागला आणि तो “लागला!” म्हणून ओरडला की आजूबाजूच्यांनी आपल्या लाईनी गोळा करायच्या. जिताडा असेल तर तो सरळ येत नाही. उसळी मारतो, खडपाकडे पळतो, पाच जणांच्या लाईनी ओढून नेतो. कोणाकडे हातजाळं असेल तर ते घेऊन पुढे व्हायचं, पण न विचारता दुसऱ्याच्या लाईनीला हात लावायचा नाही. मासा सुटला तर दोष तुमच्या माथी येईल आणि तो जन्मभर उतरणार नाही.

पोटाची मासेमारी आधी

आपण हौसेने येतो, समोरचा पोटासाठी. हा फरक विसरला की गावाशी भांडण ठरलेलं. खाडीत बोया तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा आणि त्यापलीकडे गळ फेकू नका. तरी गरी जाळ्यात अडकलीच तर झटके देऊ नका; जाळं फाटतं. लाईन कापा, जाळ्याचा मालक दिसला तर स्वतः जाऊन सांगा, नुकसान झालं असेल तर पैसे पुढे करा. गरी जाळ्यात तशीच राहिली आणि ओढताना त्याच्या तळहातात घुसली, तर पुढच्या वेळी त्या किनाऱ्यावर तुमचं स्वागत कसं होईल ते सांगायला नको.

पावसाळ्यात तर जास्तच जपा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत छोट्या मच्छीमाराची कमाई खाडी आणि किनाऱ्यावरच येऊन बसते, आणि नेमका तेव्हाच आपल्यालाही पावसात गरवायचा हुरूप येतो. तुमच्या त्याच खडपाची त्याला जास्त गरज असते. त्याने ‘जरा सरका’ म्हटलं तर सरका.

गावाने जेट्टीवर काही नियम ठरवले असतील, रात्री बंद, दारू बंद, गाड्या लांब लावा, तर ते पाळा. ‘सरकारी जागा आहे’ हे वाक्य कायद्याने कितीही बरोबर असलं तरी गावात पहिलं म्हणून उच्चारायचं नसतं. पहिलं वाक्य असावं, “दादा, इथे बसलं तर चालेल ना?”

जागेचं गुपित

वर खाडीचं नाव गाळलं, त्याचं कारण हे. कोणी विश्वासाने दाखवलेली जागा आपली नसते, दाखवणाऱ्याची असते. तिथे त्याच्याबरोबर जा. एकटं जायचं तर सांगून जा. तिसऱ्याला न्यायचं तर विचारून न्या. मासा हातात धरून फोटो काढताना मागे पूल, दीपगृह, ओळखीचं देऊळ येऊ देऊ नका. जाणकाराला तेवढं पुरतं, आणि पुढच्या रविवारी तिथे पन्नास माणसं असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन टाकणं तर आमंत्रणपत्रिका वाटण्यासारखं.

याउलट, स्वतः हुडकलेल्या जागेबद्दल खोटं बोलू नका. ‘सांगणार नाही’ म्हणणं चालतं, तो तुमचा हक्क आहे. पण चुकीच्या, धोक्याच्या खडपावर कोणाला पाठवणं ही थट्टा नव्हे. आणि भरतीला मागून पाणी चढून वाट बंद होणारी जागा असेल, तर अनोळखी माणसालाही सांगा. तिथे गुपित चालत नाही.

भांडण पेटलंच तर

ओल्या दगडावर भांडायचं नाही. हा सल्ला शांततेचा नाही, जीव वाचवण्याचा आहे. शेवाळावरून पाय घसरला की कोण बरोबर होतं हे विचारायला कोणी उरत नाही. बोलायचं असेल तर आधी दोघांनी कोरड्यावर यायचं. तेवढ्या दहा पावलांत निम्मा राग उतरतो.

मग भूतकाळ नको, घड्याळ बोला. “तुम्ही कधी आलात, मी कधी आलो” यात साक्षीदार नसतो. “पाणी कधी फिरतंय? तोवर तुम्ही बसा, मग मी” यात दोघांनाही काहीतरी मिळतं. वयस्कर माणूस किंवा बरोबर मूल असलेला माणूस असेल तर जागा सोडा. हरल्यासारखं होत नाही. समोरचा दारू प्यायलेला असेल तर सामान उचला आणि निघा, त्या दिवशीचा मासा सोडा. मोबाइल समोर धरून चित्रीकरण सुरू केलंत तर मिटणारं भांडणही मिटत नाही. धक्काबुक्की, धमकी, वाट अडवणं इथपर्यंत आलं तर मात्र स्वतः हिशेब चुकता करू नका. लांब जाऊन ११२ लावा आणि गावातल्या जबाबदार माणसाला बोलवा.

निघताना

तुटलेली तंगूस खिशात घालून घरी न्या. पाण्यात ती वर्षानुवर्षं टिकते आणि बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायांत अडकते. आमिषाचे तुकडे, प्लास्टिक, बाटल्या उचला. गावाचा पुढचा ‘इथे बसू नका’ असा फलक याच कचऱ्यातून उगवतो.

आणि जागा पुढच्याच्या हाती देताना नुसती जागा देऊ नका. त्या सकाळी पाणी फिरल्यावर मी उठलो तेव्हा ते म्हातारबाबा कातळावर येऊन उभे राहिले आणि पाहतो तो काय, थेट उजवीकडे गळ टाकला. मी विचारलं, “काका, डावीकडे काय आहे? माझ्या दोन गऱ्या गेल्या.” ते हसले. “जुना नांगर हाय बुडालेला. डावीकडं टाकायचाच नाय.” मी म्हटलं, “आधी सांगायचंत ना!” त्यावर त्यांनी बिडी विझवली आणि म्हणाले, “तू इचारलास कुठं? तू पिशवी हलवलीस.”

तेव्हापासून मी कुठलीही जागा सोडताना मागच्याला तीन गोष्टी सांगतो : कुठे अडकतं, कुठे लागलं, आणि पाणी कुठून चढतं. त्या कातळावर तर न विचारताच सांगतो. नांगर अजून तिथेच आहे.